कचेरीत एआय आणायचंय? सुरुवात बारनिशीपासून करा

एका प्रशिक्षण वर्गात आम्ही एक जुना अर्ज, नाव-गाव काढून, एआयला वाचायला दिला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या शेतकऱ्याचा, हातानं लिहिलेला: 'शेजाऱ्याने पाणंद नांगरून अडविली आहे, तोड आली आहे, ऊस बाहेर काढता येत नाही.' पाच-सात सेकंदांत सारांश आला. भाषा एकदम सफाईदार. अर्जदाराचे पाणी शेजाऱ्याने अडवले आहे, सबब अर्ज पाटबंधारे विभागाकडे वर्ग करावा. वर्गातल्या चार-पाच जणांनी मान डोलावली. मागच्या बाकावरच्या अव्वल कारकून बाई उठल्या आणि म्हणाल्या, "सर, पाणंद म्हणजे वाट. पाणी न्हवं."

तो अर्ज खरोखर पाटबंधारेकडे गेला असता, तर 'आमच्या कार्यक्षेत्रात येत नाही' असा शेरा घेऊन महिन्या-दीड महिन्यानं परत आला असता. तोवर ऊसतोडीची टोळी पुढच्या गावाला गेलेली. आणि नुसती पाणंद कळली म्हणूनही भागत नाही. वहिवाटीची वाट कुणी अडवली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागायची, तीही अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. वाटच नसेल आणि बांधावरून नवी मागायची असेल, तर जमीन महसूल संहिता १९६६ चं कलम १४३. पाणंदीचा अर्थ सांगितल्यावर यंत्रानं दुसऱ्यांदा उत्तर दिलं ते कलम १४३ चं. म्हणजे पुन्हा चूक, आणि पुन्हा तितक्याच सफाईनं.

ज्यांना नुकतंच 'आता कार्यालयात एआय वापरा' असं सांगितलं गेलंय, त्या अधिकारी-कर्मचाऱ्यांसाठी हा लेख आहे. मी महसुलात बरीच वर्षं काढली, आता असे वर्ग घेतो. एआय येऊ नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. टपालाच्या ढिगाऱ्याखाली दबलेली माणसं मी पाहिलीत, त्यांना हात हवा आहे. पण एवढं पक्कं धरून चाला: यंत्र चुकणार. ती चूक कुणाच्या नजरेला पडणार, आणि जिचं नुकसान झालं त्या व्यक्तीला ती त्याच कचेरीत दुरुस्त करून मिळणार का, याची तजवीज यंत्र बसवण्याच्या आधी करायची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच.

पायरी १: आठवडाभर नुसती बारनिशी वाचा

कुठलं सॉफ्टवेअर घ्यायचं ही चर्चा पहिल्या दिवशी करू नका. एक आठवडा आवक बारनिशी, म्हणजे आलेल्या टपालाची नोंदवही, समोर घेऊन बसा. किती अर्ज आले, कशाचे, कुठल्या टेबलावर किती दिवस थांबले, किती चुकीच्या विभागात जाऊन परत आले. हे आकडे साध्या वहीत लिहा. बहुतेक ठिकाणी असं दिसतं की वेळ वाचण्यात किंवा लिहिण्यात जात नाही, फाईल कुणाच्या तरी सहीसाठी थांबण्यात जातो. तिथं एआय काही करू शकत नाही. तिथं साहेबांनी रोज अर्धा तास सह्यांना दिला की काम होतं.

हे आकडे पुढेही लागतील. सहा महिन्यांनी कुणी विचारलं, 'एआयनं काय फरक पडला?' तर आधीचं माप तुमच्याकडे हवं.

पायरी २: कामांचे तीन गठ्ठे करा

कागदपत्रं लावायची सहा गठ्ठे पद्धत आपल्याला सवयीची आहे. इथं तीनच पुरे. गठ्ठा ठरवताना विचारायचा प्रश्न एकच: यंत्र चुकलं तर त्याचा चटका कुणाला बसेल?

पहिल्या गठ्ठ्यात अशी कामं, ज्यांची चूक कचेरीच्या आतच पकडली जाते. बैठकीचं इतिवृत्त, परिपत्रकाचा मसुदा, इंग्रजी पत्राचं मराठी, लांबलचक अहवालाचा गोषवारा. इथून सुरुवात करा. एक खबरदारी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. शासन निर्णयाचा संदर्भ विचारलात, तर यंत्र कधीकधी क्रमांक आणि तारीख स्वतःच तयार करून देतं, आणि ते अगदी खरं वाटतं. म्हणून नियम करा: शासनाच्या संकेतस्थळावर सांकेतांक टाकून मूळ निर्णय उघडून वाचल्याशिवाय टिपणीत संदर्भ लिहायचा नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोन वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खोटे निवाडे न्यायालयात दिले, आणि त्यांना ५,००० डॉलरचा दंड झाला. आपल्याकडे अशा संदर्भावर आदेश निघाला, तर भुर्दंड अर्जदाराला बसेल.

दुसऱ्या गठ्ठ्यात यंत्र सुचवेल, माणूस ठरवेल. अर्जांची विभागवारी, स्कॅन केलेल्या कागदांचं वाचन, पंचनाम्याच्या फोटोंची लावणी. पाणंदीचा अर्ज याच गठ्ठ्यातला.

तिसरा गठ्ठा बांधून कपाटात ठेवा. लाभ नाकारणं, यादीतून नाव वगळणं, एखाद्यावर फसवणुकीचा संशय घेणं, दाखला खरा की खोटा हे ठरवणं. ही कामं यंत्राच्या भरवशावर सोडायची नाहीत. मी हे इतकं निक्षून सांगतो, त्याला कारण आहे. नेदरलँड्समध्ये मुलांच्या सांभाळासाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानात धोका मोजणारी प्रणाली वापरली गेली. हजारो पालकांवर फसवणुकीचा ठपका बसला, आणि त्यांत परदेशी मूळ असलेली कुटुंबं फार होती. घरं मोडली, माणसं कर्जात बुडाली. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाला राजीनामा द्यावा लागला. ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट' नावाची योजना होती. तिच्यात तर बुद्धिमत्ताही नव्हती. वर्षाच्या उत्पन्नाची सरासरी काढून ती पंधरवड्यांवर वाटायची आणि त्यावरून लोकांना वसुलीच्या नोटिसा पाठवायच्या, इतकंच. हंगामी काम करणाऱ्याचं उत्पन्न दर पंधरवड्याला सारखं नसतं, ही गोष्ट आपल्याकडचा कोणीही गुऱ्हाळवाला सांगेल. नोटीस आली की ती चुकीची आहे हे सिद्ध करायचं ओझं त्या गरीब माणसावर. २०२३ मध्ये तिथल्या चौकशी आयोगाचा अहवाल आला, त्याआधीच सरकारला पैसे परत करावे लागले होते.

जुन्या नोंदींवरून शिकलेलं यंत्र जुनाच न्याय पुढे चालवतं. कोल्हापूरकरांना हे समजायला परदेशात जायची गरज नाही. १८९४ साली शाहू महाराज गादीवर आले, तेव्हा संस्थानातल्या वरच्या जागा बहुतेक एकाच समाजाकडे होत्या. त्या नोकरीपटावरून एखादं यंत्र शिकलं असतं, तर त्यानं 'लायक उमेदवार' म्हणून तीच नावं पुढे केली असती. २६ जुलै १९०२ ला महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तो मागचा पट बाजूला सारूनच. तुमच्याकडे येणारा पुरवठादार म्हणेल, 'आमचं मॉडेल मागच्या दहा वर्षांच्या निकालांवर शिकलंय.' तेव्हा विचारा, त्या दहा वर्षांत कुणाचे अर्ज जास्त फेटाळले गेले होते?

पायरी ३: नावांचा घोळ आधी मिटवा

मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. आपल्या नोंदी यंत्राला पाहिजेत तशा नाहीत, आणि त्याचा फटका बायकांना बसतो.

एकदा खिडकीशी एक आजी आल्या होत्या, पिशवीत तीन कागद. सातबाऱ्यावर वडिलांच्या बाजूनं वारस म्हणून लागलेलं माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पुस्तकात तिसरंच, कारण खातं उघडताना कुणीतरी 'बाई' गाळून 'ताई' लिहिलं होतं. टेबलावरच्या मुलानं विचारलं, "आजी, ही तिन्ही तुमचीच का?" तर म्हणाल्या, "माझीच की ओ भाऊसाहेब. लगीन झालं, नाव बदाललं. माणूस त्योच हाय न्हवं?" मुलानं गावातल्या एकाला फोन लावला, पंधरा मिनिटांत प्रश्न मिटला. यंत्रानं 'जुळत नाही' असं लिहून कागद बाजूला टाकला असता.

उलटंही होतं. एकाच गावात नाव, वडिलांचं नाव, आडनाव तिन्ही सारखी असलेली तीन-तीन माणसं असतात. यंत्र म्हणतं, ही एकाच माणसाची तिहेरी नोंद, दोन नावं कमी करा.

म्हणून यंत्राला यादी देण्याआधी नमुना म्हणून दोन-तीन गावांची नावं हातानं तपासा. ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि कोतवाल यांना एकत्र बसवा. कोतवालाला वगळू नका, घराघरातली माणसं त्यालाच ठाऊक. माहेर-सासरच्या नावांसाठी वेगळा रकाना ठेवा. 'जुळत नाही' हा शेरा आला, की त्याचा अर्थ 'माणसानं पाहावं' इतकाच, असं लेखी ठरवा.

पायरी ४: काय टाईप करायचं नाही ते ठरवा

फुकट मिळणाऱ्या ॲपमध्ये अर्ज जसाच्या तसा चिकटवायचा मोह होतो. तो अर्ज कुठल्या देशातल्या सर्व्हरवर जातो आणि तिथं किती दिवस राहतो, हे आपल्या हातात उरत नाही. केंद्रीय अर्थ मंत्रालयानं २९ जानेवारी २०२५ च्या सूचनेत आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी, डीपसीक यांसारखी साधनं टाळायला सांगितलं, ते याच काळजीनं. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. सरकारी कार्यालय म्हणून आपण त्यातून पूर्ण सुटलेलो नाही.

प्रत्येक टेबलाला एक कागद चिकटवा. आधार क्रमांक, मोबाईल, बँक खातं, आजार, जात, तक्रारदाराचं नाव, अल्पवयीन मुलांची माहिती, पोलिसांकडचा जबाब: यातलं काही बाहेरच्या साधनात जाणार नाही. भाषांतर हवंच असेल तर नावाच्या जागी 'अर्जदार १', गावाच्या जागी 'गाव क'. भाषांतरासाठी केंद्र सरकारचं 'भाषिणी' आहे, आधी ते वापरून बघा. आणि लक्षात घ्या, छोट्या गावात नाव काढूनही माणूस ओळखू येतो. 'गावातली एकमेव अंगणवाडी मदतनीस' असं लिहिलं की झालंच.

पायरी ५: खरेदीच्या अटी

सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवरून घ्या नाहीतर निविदेनं, अटी तुमच्या हव्यात. माहिती कार्यालयाची राहील, पुरवठादार तिच्यावर स्वतःचं मॉडेल शिकवणार नाही. माहिती भारतातच राहील. करार संपला की सगळं आपल्याला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल. यंत्रानं कधी काय सुचवलं, याची नोंद आपोआप राहील आणि ती आपल्याला उघडता येईल. सायबर घटना घडली तर पुरवठादार आपल्याला ताबडतोब कळवेल, कारण सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून सहा तासांत ती कळवायची जबाबदारी आपलीही असते.

प्रात्यक्षिक पुरवठादाराच्या कागदांवर बघू नका. तो स्वच्छ टाईप केलेली पानं आणतो. तुमच्या कपाटातले चुरगळलेले, मागून शाई उमटलेले, बॉलपेननं लिहिलेले अर्ज त्याच्यापुढे ठेवा. नावं आधी झाकून.

पायरी ६: दोनशे जुन्या फायली

ज्यांचा निकाल लागून गेलाय आणि निकाल बरोबर होता याची खात्री आहे, अशा २०० जुन्या फायली काढा. जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतल्या घ्या. चंदगडची बोली वेगळी, शिरोळ-गडहिंग्लजकडच्या अर्जांत कन्नड शब्द येतात, शाहूवाडीच्या अर्जात धनगरवाड्यांची नावं. नुसत्या शहरातल्या फायलींवर चाचणी घेतली, तर निकाल छान येतो आणि खोटा असतो.

यंत्राचं उत्तर आणि खरा निकाल शेजारी शेजारी लिहा. '९० टक्के बरोबर' एवढ्यावर थांबू नका. २०० मधल्या २० चुका कुणाच्या वाट्याला आल्या ते बघा. वीसपैकी बारा चंदगडच्या असतील, तर ते साधन चंदगडसाठी तयार नाही. चुका दोन प्रकारच्या असतात, त्या वेगळ्या मोजा: ज्याला मिळायला हवं त्याला नाकारलं, आणि ज्याला मिळायला नको त्याला दिलं. दुसऱ्या चुकीवर ऑडिटवाले बोट ठेवतात, म्हणून आपण तिचीच धास्ती घेतो. पहिल्या चुकीचा परिच्छेद कुठल्याच अहवालात येत नाही.

पुराचं काम असेल तर वेगळी चाचणी घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते, हे आपल्याला पाठ आहे. २०१९ ला ती ५५ फुटांवर गेली. पाणी उतरल्यावर पंचनाम्यांचा डोंगर होतो, आणि फोटोवरून नुकसान मोजणारं साधन तेव्हा फार मोलाचं वाटतं. पण मातीच्या भिंतीचा स्वभाव यंत्राला कोण सांगणार? पाणी ओसरल्याच्या दिवशी भिंत उभी असते. फोटोत घर शाबूत. चार दिवस ऊन पडतं, भिजलेली माती वाळताना सुटते आणि भिंत रात्रीत बसते. पहिल्या दिवसाच्या फोटोवर 'अंशतः नुकसान' लागलं, तर त्या कुटुंबाची मदत तिथंच कापली गेली. म्हणून फोटोची तारीख, भिंत मातीची की विटांची, आणि आठवड्यानं दुसरी पाहणी, हे तीन रकाने साधनात नसतील तर ते घेऊ नका.

पूरकाळात लोकांना उत्तरं देणारा चॅटबॉट सुरू करायचा विचार असेल, तर रस्त्यांचे प्रश्न त्याच्याकडे देऊ नका. गगनबावड्याचा रस्ता सकाळी सुरू असतो आणि दुपारी पाण्याखाली. 'रस्ता चालू आहे का?' याला त्यानं एकच उत्तर द्यावं: नियंत्रण कक्षाचा नंबर.

पायरी ७: सही करणाऱ्यानं काय लिहायचं

यंत्रानं सुचवलेल्या प्रत्येक प्रकरणात टिपणीवर तीन ओळी यायला हव्यात. यंत्रानं काय सुचवलं. मी काय तपासलं. माझा निर्णय काय आणि का. लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ खाली सेवा नाकारताना कारणं लेखी द्यावी लागतात, आणि अपिलात ती तपासली जातात. 'सिस्टीममध्ये अपात्र दाखवतंय' हे कारण नव्हे.

तीन ओळी जड वाटतील. पण त्या नसल्या की काय होतं ते मी पाहिलंय. पहिला आठवडा माणूस प्रत्येक सूचना वाचतो. महिन्याभरात, दुपारच्या जेवणानंतर, नुसतं 'मान्य' दाबत जातो. आळस म्हणून नव्हे, शंभरातली पंच्याण्णव बरोबर आली की डोळा थकतो. यावर उपाय एकच मला लागू पडलेला दिसला: महिन्यातून पाच प्रकरणं मुद्दाम चुकीच्या सूचनेसह टेबलावर पाठवायची आणि किती पकडली जातात ते बघायचं. कर्मचाऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, आणि न पकडल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस काढू नका. पाचातली दोन सुटली तर त्या टेबलावरचा भार कमी करा.

पायरी ८: खिडकीवरची पाटी

लोकांना सांगा. मोठ्या अक्षरात, मराठीत: 'या कार्यालयात अर्जांची विभागवारी करण्यासाठी संगणकीय कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली जाते. निर्णय अधिकारी घेतात. आपला अर्ज चुकीच्या विभागात गेला असे वाटल्यास खिडकी क्र. २ वर सांगावे, अर्ज करण्याची गरज नाही.' शेवटचं वाक्य गाळू नका. चूक दुरुस्त करण्यासाठी आणखी एक अर्ज, त्याला तिकीट, त्याची पोच, असं झालं की माणूस परत येत नाही. राधानगरीच्या आतल्या वाडीवरून शहरात यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते.

माहितीच्या अधिकारात प्रश्न येतील, त्यांची तयारी ठेवा: साधन कोणतं, किती खर्च, चाचणीचा निकाल काय. पायरी ६ चा तक्ता हाताशी असेल तर उत्तर दहा मिनिटांत निघतं.

पायरी ९: चुकांची वही

जाड पुठ्ठ्याची साधी वही, खिडकी क्र. २ वर. तारीख, यंत्रानं काय म्हटलं, खरं काय होतं, कुणी पकडलं, काय दुरुस्त केलं. शिपायानं पकडली तर शिपायाचं नाव लिहा. दर सोमवारी कार्यालय प्रमुखांनी ती वाचून सही करायची. एकाच प्रकारची चूक तिसऱ्यांदा आली की त्या कामापुरतं साधन बंद, आणि बंद करायचा अधिकार नायब तहसीलदार किंवा त्या दर्जाच्या एका अधिकाऱ्याला आधीच लेखी देऊन ठेवायचा, म्हणजे वरून परवानगी येईपर्यंत थांबावं लागणार नाही.

वहीच्या पहिल्या पानावर आपल्या भागातल्या शब्दांची यादी लिहून पुरवठादाराला द्या. पाणंद, वहिवाट, पड, कूळ, गुंठेवारी, रयतावा, आणेवारी. आमच्या वर्गातल्या त्या अव्वल कारकून बाईंनी एका दुपारी असे साठ शब्द काढून दिले, आणि दुसऱ्या चाचणीत पाणंदीचा अर्ज तहसीलदारांच्या टेबलावर गेला. कलम मात्र अजून माणूसच लिहितो.